सारंग, सुकाणी आणि आतली मंडळी

"नखां काप गो बाय," रघुवीर खोबरेकर म्हणाले आणि त्यांनी सारंगला दोन्ही हातांनी उचलून माझ्या टेबलावर ठेवलं. "मी घरीच कापी हुतंय. पण आता माझी कात्री तेंका पुरी पडणा नाय."

नखं पाहून मी हसले. पोपटाच्या चोचीसारखी ती आत वळली होती, आणि पुढच्या डाव्या पायाचं एक तर तळव्यात रुतायला आलं होतं.

"काका, फिरवत नाही वाटतं याला? चालला तर आपोआप झिजतात."

खोबरेकरांना ते लागलं. "रोज सकाळी दोन मैल रेवेतसून चलतंव आमी तिगाय," ते म्हणाले.

मी मान डोलावली आणि विश्वास ठेवला नाही. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. त्या वयात मला जेवढं येत होतं, तेवढं नंतर कधीच आलं नाही.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी सोलापूरकडची. पहिलीच नेमणूक कोकणात खाडीकाठच्या एका तालुक्याच्या दवाखान्यात झाली होती आणि सगळं गाव मला 'घाटावरची डॉक्टरीण' म्हणत होतं. दवाखान्यात यायच्या गाई, म्हशी, कोंबड्यांच्या पाट्या. कुत्रं क्वचित. खोबरेकर सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पाच वर्षांपूर्वी निवृत्त होऊन ते खाडीवरच्या घरात आले ते दोन कुत्री घेऊनच. सारंग हा भाऊ, सुकाणी ही त्याची बहीण, एकाच वेताची. दोघं पिवळट, उभ्या कानांची, आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांसारखीच. गावातले लोक त्यांना 'फॉरेनची' म्हणायचे आणि मला ती थट्टा वाटायची.

तिसरं नख कापताना सारंगच्या उजव्या नाकपुडीतून रक्ताचा थेंब पडला. मग दुसरा पडला, मग धार लागली. मी कापूस दाबून धरला, आणि तोवर जे नीट पाहिलं नव्हतं ते पाहायला लागले. डोळ्यांभोवतीचे केस चष्मा घातल्यासारखे गोल उडालेले. पाठीवर हात फिरवला की कोंडा भुरभुर खाली. जबड्याखालच्या गाठी सुपारीएवढ्या टणक.

"भूक?"

"खाता मरणाचा, पण अंगाक लागणा नाय."

मी केसपेपर ओढला. आमच्या केसपेपरात एक रकाना होता: गेल्या सहा महिन्यांत जनावर बाहेरगावी गेले होते काय? मी विचारलं. खोबरेकर म्हणाले, "नाय, पाच वर्सां हयच असा." मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

कोकणात कुत्र्याचं नाक वाहिलं की आमच्यातला कुणीही डॉक्टर डोळे मिटून सांगतो: गोचीड ताप. मीही तेच सांगितलं. पुराव्याला रक्ताची काच रंगवून पाहिली. एका पेशीत जांभळा ठिपका होता. तो रंगाचा डाग असू शकत होता, पण मला गोचीड तापाचा जंतू पाहायचा होता, म्हणून मी तोच पाहिला. पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि खोबरेकरांना अंगणातल्या गवतावर औषध मारायला लावलं.

पंधरा दिवसांनी सारंगच्या बरगड्या मोजता येत होत्या. नाक थांबून थांबून वाहतच होतं. मी रात्रभर पुस्तक चाळलं आणि दुसऱ्या दिवशी नवं निदान काढलं: याचं शरीर स्वतःच्याच रक्तपेशी मारतंय, तेव्हा शरीराचा हा संताप आवरला पाहिजे. संताप आवरायचं औषध म्हणजे स्टेरॉइड. ते सुरू केलं.

चौथ्या दिवशी खोबरेकर स्वतः आले ते डबा घेऊन. तिरफळं घातलेली बांगड्याची कढी.

"सारंग उठलो," ते म्हणाले. "सुकाणीच्या ताटातला मासो चोरल्यान आज. मी मारूक धावलंय आणि मगे मधीच रडाक इला माका."

मी ती कढी दोन वेळ खाल्ली. आईला पत्र लिहिलं, त्यातसुद्धा सारंगबद्दल दोन ओळी होत्या. बढाईच्या होत्या, ते कबूल करते.

दहाव्या दिवशी त्यांनी बोलावणं पाठवलं. मी सायकलवरून गेले. सारंग पडवीत पडला होता. एक डोळा दूध सांडल्यासारखा पांढुरका झाला होता, मागचा पाय टेकत नव्हता, आणि शेजारी अर्धी संपलेली पाण्याची बादली होती. सुकाणी त्याच्या पाठीला पाठ लावून बसली होती. तिची कातडी तुकतुकीत, डोळे स्वच्छ. मी गेल्यावर उठून शेपटी हलवून परत बसली.

मी लघवी घेतली. माझ्या पिशवीत स्पिरिटचा दिवा आणि काचेची नळी असायची. लघवी उकळून पाहायची, ही आमची जुनी साधी तपासणी. निरोगी असली तर ती स्वच्छ राहते. नळी तापली, आणि वरचा अर्धा भाग बघता बघता पांढरा होऊन घट्ट झाला.

खोबरेकर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. सत्तावीस वर्षं रांधलेल्या माणसाला सांगावं लागलं नाही.

"अंड्याचो पांढरो," ते म्हणाले. "आंगातला सत्त्व मुतातसून जाता."

"हो. मूत्रपिंडाचं गाळणं फाटलंय."

"म्हणान अंगाक लागणा नाय."

त्यांनी चहा टाकला. माझ्या तोंडाला चव नव्हती. मला माझ्या गोळ्यांची भीती वाटायला लागली होती, आणि काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं की ही पिल्लं त्यांना मिळाली कुठे.

"सिसिलीत," ते म्हणाले. "जहाज गोदीत दुरुस्तीक लागला हुता, भर उन्हाळ्यात, चार म्हयने. ही दोघांव गोदीतल्या रश्शांच्या वेटोळ्यात जन्मली. सांज झाली काय बारीक बारीक माशी यायची थय. आवाज नाय तिका. ह्येंचे कान, नाकां फोडून काढायची. आमका पण चावायची. मी रोज कडूनिंबाचा तेल शोधी हुतंय, इटलीत खय गावतला?"

मी कप खाली ठेवला. "काका, हे आधी का नाही सांगितलं?"

"तू सहा म्हयन्यांचा इचारलंस," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो बसला.

कॉलेजात एका दुपारच्या तासाला विकृतिशास्त्राच्या आपटीकर बाईंनी भूमध्य समुद्राकाठच्या कुत्र्यांचा एक रोग शिकवला होता. लीशमानिया. वालुमाशीच्या चाव्यातून येतो, बिहारकडच्या काळ्या आजाराचा भाऊबंद. परीक्षेला येणार नाही म्हणून आम्ही तो पेंगत ऐकला होता. एवढं मात्र आठवलं की या रोगात नखं भराभर वाढून वळतात, आणि माशी चावल्यापासून आजार दिसेपर्यंत कधी महिने जातात, कधी वर्षं.

मी एस.टी.डी. बूथवरून बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्टेरॉइड ऐकल्यावर किती दिवस दिलं ते विचारलं. मग म्हणाल्या, "गाठीत सुई घाल. काच घेऊन स्वतः ये, पोस्टानं पाठवू नकोस. आणि बहिणीचीही आण."

"ती ठणठणीत आहे, बाई."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी एस.टी.त आठ तास मी त्या काचांची डबी मांडीवर धरून बसले होते. गोळ्या बंद करायला सांगून आले होते, पण दिलेल्या परत कशा घेणार.

बाईंनी सारंगची काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, तेलाचा थेंब टाकला आणि खुर्ची मला दिली.

"सांग."

"मोठ्या पेशी आहेत. पहारेकरी पेशी. फुगलेल्या."

"पोटात काय?"

मी बारीक स्क्रू फिरवला. प्रत्येक पेशीत दहा, वीस, तीस, तांदळाच्या कणीसारखे लंबगोल जीव खच्चून भरले होते. प्रत्येकात एक जांभळा गोल ठिपका आणि त्याच्या शेजारी एक आडवी काडी. प्रत्येकात तेच. इतकं नेटकं, इतकं आखीव काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ज्या पेशीचं काम परका जीव गिळून पचवायचं, तिच्याच पोटात ही मंडळी घर करून, वाढून, गोतावळा घेऊन राहिली होती. घाबरायला हवं होतं. मी भारावले होते, आणि त्याची मला लाजही वाटत होती.

"सुंदर दिसतात ना," बाई म्हणाल्या. "मला पहिल्यांदा झोप आली नव्हती. आता ही बघ. माझ्या परदेशातल्या शिक्षणाच्या वेळची काच. याच रोगानं मेलेल्या कुत्र्याचं मूत्रपिंड. यात मंडळी शोधून दाखव."

मी शोधायला लागले. गाळणी सगळी सुजलेली, जाड, बुजलेली. पाऊण तास मी काच उभी-आडवी विंचरून काढली.

"एकही सापडत नाही, बाई."

"मग गाळणी कुणी बुजवली? परत जाताना आठ तास आहेत तुला. विचार कर."

सुकाणीची काच मात्र त्यांनी स्वतः पाहिली. दोन तास. मग मला बोलावून सूक्ष्मदर्शकातल्या काट्याचं टोक एका पेशीवर आणून ठेवलं. त्या एकाच पेशीत दोनच ठिपके-काड्या होत्या.

"आहेत," मी म्हणाले. "हिलाही झालाय."

"हिच्यात आहेत. झालेला काही नाही. माशा दोघांना सारख्याच चावल्या असतील. हिच्या शरीरानं त्यांना मारलेलं नाही, दाबून धरलंय. पाच वर्षं. कसं, ते मला विचारू नकोस. थोडंफार कळलंय, बाकीचं कुणालाच धड माहीत नाही."

"आणि पुढे?"

"उद्या हात सुटेल. किंवा कधीच सुटणार नाही."

घाट उतरताना कधीतरी मला ते गाळण्याचं कोडं सुटलं, आणि मग गावापर्यंत मी खिडकीबाहेर काहीच पाहिलं नाही.

जिल्ह्याच्या साहेबांना कळवणं माझं काम होतं. कळवलं. त्यांचं उत्तर तिथल्या तिथे तयार होतं. "परदेशी रोग आहे, बोंबाबोंब नको. दोन्ही निजवा आणि पुरा. कागदावर काही आणू नका." मी औषधाची बाटली घेतली. एका कुत्र्याला लागतं त्याच्या दुप्पट.

खोबरेकरांच्या घरी मी दवाखान्याचा सूक्ष्मदर्शकही नेला. आरशाचा, जुना. स्वयंपाकघराच्या खिडकीशी ऊन येत होतं, तिथे मांडला. खरं तर मला वेळ काढायचा होता. बाटलीबद्दल मी अजून काही बोलले नव्हते.

खोबरेकर वाकले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ही मोठी कोण?"

"पहारेकरी. सापडेल ते गिळते आणि पचवते."

"नि ही बारकी?"

"गिळलेली."

"पण पचलेली नाय."

"नाहीत. आतच राहतात. आतच त्यांची पोरंबाळं होतात."

त्यांनी डोळा काढला नाही. "आणि सारंग काय करी हुतो इतके दिस? गप बसललो?"

"नाही ना, काका. तेच तर. तो फार लढला. रक्तात याच्यासाठी शस्त्रं तयार होतात, प्रतिपिंडं म्हणतात. त्यानं ती ढिगानं केली, जरुरीच्या कितीतरी पट. पण ती पेशीच्या आत शिरू शकत नाहीत, आणि मंडळी आहेत आत. मग बाहेर त्यांच्यातली मेलेली, फुटलेली जी काही सापडतील त्यांना ती चिकटतात. त्याचा चिकटा रक्तातून फिरतो आणि जिथे बारीक जाळी असते तिथे अडकतो. मूत्रपिंडाच्या गाळण्यात, डोळ्यात, सांध्यात. अडकला की शरीराला वाटतं शत्रू इथे आहे, आणि ते तिथे जाळपोळ सुरू करतं."

"म्हणजे गाळण्याक ह्या बारक्यांनी हात लावूक नाय?"

"बोटही नाही."

"मगे फाडल्यान कोणी?"

"त्यानं स्वतःच."

ते सरळ झाले. पडवीत सारंग पडला होता तिकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं त्यांना राग येईल, मंडळींचा नाही तर माझा.

"आणि मीही, काका," मी म्हणाले. हे बोलायचंच असं ठरवून आले होते. "मी ज्या गोळ्या दिल्या, त्यांनी जाळपोळ चार दिवस थांबली. पण मंडळींना आत दाबून धरणारी जी थोडीफार ताकद त्याच्यात होती, तीही मी काढून घेतली. ती एकदम वाढली. माझं चुकलं."

खोबरेकर म्हणाले, "चार दिस मासे खाल्ल्यान तो. चोरून खाल्ल्यान." आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"तो वाचतलो?"

"औषध आहे, पण आता गाळणं उरलेलं नाही. आठवडाभर काढेल, तोही हाल होऊन."

"मगे आज," ते म्हणाले.

सारंगचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. सुई टोचताना त्यांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. सुकाणी जवळ आली, भावाचं नाक हुंगलं आणि अंगणात जाऊन उन्हात आडवी झाली.

बाटलीत निम्मं औषध उरलं होतं. खोबरेकरांनी बाटलीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"दोघांचा आणलंस."

"साहेबांचा हुकूम आहे. तिच्यातही मंडळी आहेत, काका. मी काच पाहिलीय."

"तिकाय असोच होतला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. सव्वीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा कुणासमोर उच्चारले. "पाच वर्षं तिनं सांभाळलीत. कशी, ते कुणालाच कळलेलं नाही. उद्या जमेल की नाही, तेही नाही."

खोबरेकर अंगणात सुकाणीजवळ जाऊन उकिडवे बसले. तिच्या पोटावर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिले, आत काही ऐकू येतंय का बघावं तसे. ते मला 'नको' म्हणाले नाहीत. त्यांनी विनवलं असतं तर कदाचित मी हुकमाचा आधार घेतला असता. ते नुसते तिच्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की काल मी काचेवर त्या दोन ठिपक्यांकडे बघत होते तसंच ते बघतायत. मी उरलेलं औषध मोरीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून सांगितलं की एक निजवला, दुसऱ्या जनावराला आजाराचं लक्षण नाही, तरी निजवायचं असेल तर लेखी हुकूम द्यावा. सरकारी नोकरीतली ती माझी पहिली हुशारी. लेखी हुकूम आजतागायत आलेला नाही.

पण सुकाणीला चावलेल्या वालुमाशीतून गावाला धोका नको, हे खोबरेकरांना मी बजावलं. साधी मच्छरदाणी वालुमाशीला अडवत नाही, तिच्या भोकांतून ती सहज जाते. तेव्हा त्यांनी पातळ मलमलीचं कापड आणलं, शिडाच्या सुईनं त्याची खोली शिवली, आणि सुकाणी रोज दिवेलागणीच्या आधी त्या खोलीत जायला लागली. लोक हसायचे. "राणी झोपली काय?" म्हणून विचारायचे. ते म्हणायचे, "होय, परिवारासकट."

माझ्या बदल्या होत गेल्या, पण जवळपासच. दर सहा महिन्यांनी मी जायचे आणि लघवी उकळून पाहायचे. नळी तापेपर्यंत ते माझ्या खांद्यावरून वाकून बघायचे. प्रत्येक वेळी ती स्वच्छ राहायची, आणि प्रत्येक वेळी मला पहिल्यांदा राहिल्यासारखं वाटायचं. असं नऊ वर्षं चाललं.

चौदा वर्षांची होऊन एका सकाळी सुकाणी उठली नाही. खोबरेकरांनी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून मला फोन केला. तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीला आले होते.

"येवक जमात? हत्यारां घेवन ये. मी पुरूक नाय तिका अजून."

"काका, नको हो. कशाला?"

"माका बघूचा असा," ते म्हणाले.

परसात, नारळाच्या सावलीत, गोणपाटावर मी तिला उघडलं. ते समोर स्टुलावर बसले होते. मूत्रपिंडं हातात घेतली. वरचा पापुद्रा सालीसारखा अलगद सुटला आणि खाली दोन्ही गुळगुळीत, तपकिरी, तरुण कुत्रीची असावीत तशी निघाली. मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एका बोटानं हात लावला.

मग मी पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा, तुकडा काचेवर टेकवला, रंगवला, आणि सूक्ष्मदर्शक मांडून त्याच खिडकीशी बसले. डोळे दुखेपर्यंत शोधत होते. ऊन खिडकीतून ओट्यावर सरकलं तेव्हा एक पेशी सापडली. तिच्यात तीन. गोल ठिपका आणि आडवी काडी, जशीच्या तशी.

"असत?" त्यांनी मागून विचारलं.

"आहेत."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी त्यांना बघायचंच होतं. दिसलं की नाही, मला माहीत नाही. पण बराच वेळ ते वाकून राहिले.

"चवदा वर्सां," ते म्हणाले. "हिणां तेंका मारल्यान नाय, नि तेंणी हिका. एका घरात." मग जरा थांबून, "आता तेंचा काय होतला?"

"घर गेलं की तीही जातील, काका. आज-उद्या."

"सगळी?"

"सगळी."

आम्ही दोघांनी मिळून खड्डा लोटला. मी हातपाय धुतले. खोबरेकर विहिरीवर गेले, पंचा लावून बादली ओढली आणि सुकाणीच्या नावानं डोक्यावर ओतली. ओलेत्यानं ते पायरीपर्यंत आले, काहीतरी आठवल्यासारखे थांबले, आणि मागे वळून दुसरी बादली ओढायला लागले.